भिंतीवरच्या बांगड्या

बेंगलोरला होसूर रोडवरून बोम्मसंद्र्यात आत वळलात की डाव्या हाताला एका कारखान्याची लांबलचक भिंत लागते. तिच्यावर दोन हात रंगवलेत, माणसाहून मोठे. हातात सुई, सुईखाली सोनेरी कापड, आणि कापडातून निघालेला दोरा वर जाता जाता रॉकेटचा धूर होतो. चित्र झकास आहे, नाही म्हणणार नाही. फक्त दोन्ही मनगटांवर रंग जरा फिका दिसतो, पट्टा मारल्यासारखा. येणारे-जाणारे म्हणतात, पेंटरनं शेवटी घाई केली. अहो, पेंटरनं कसली घाई केली! ते आमच्या अक्काचं काम आहे. भर कार्यक्रमात, सकाळी अकरा वाजता, साहेबलोकांच्या नाकासमोर. आणि मी तिथं होते.

अक्का म्हणजे अंबुबाई, माझी थोरली जाऊ. आमच्यात थोरल्या जावेला अक्का म्हणतात, आणि ती मला तंगी म्हणते, म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. साडेतीनशे वर्षं झाली असतील आमच्या घराण्याला इथं येऊन. घरात मराठीच बोलतो, पण तिच्यात कन्नड कधी आणि किती शिरलं ते आता देवालाही सांगता यायचं नाही. पुण्याकडची माणसं ऐकून गालात हसतात. हसेनात का. साडेतीनशे वर्षं परक्या गावात भाषा सांभाळून दाखवा म्हणावं, मग हसा.

अक्का एकसष्ट वर्षांची आहे. उंची पाच फूटसुद्धा नाही, पण आवाज असा की मार्केटच्या स्टँडवरचा कंडक्टर गप्प बसेल. आणि अठ्ठावीस वर्षं ती बोम्मसंद्र्यात उपग्रहांच्या गोधड्या शिवते. थट्टा नाही. वर आकाशात उपग्रहाची उन्हाकडची बाजू भाजून निघते आणि सावलीची गोठते, म्हणून त्याला पांघरूण लागतं. सोनेरी फॉइलसारखा पातळ पडदा, त्याच्यावर जाळी, परत पडदा, परत जाळी, असे थरावर थर. ते कापायचे आणि हातानं शिवायचे. टाका एवढासा चुकला की ते पांघरूण बाद. कुठल्या उपग्रहासाठी शिवतोय हे तिला कुणी सांगत नसे, नुसता नंबर लिहिलेला असे. रॉकेट उडालं की टीव्हीवर टाळ्या वाजवणारे साहेब दिसायचे. अक्का भाजी चिरता चिरता म्हणायची, "माझीच गोधडी असेल, नसेल, कुणाला ठाऊक. कुणाची का असेना, ऊब लागली म्हणजे झालं."

आता त्या अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

आम्ही दोघी जावा तेव्हा कॉटनपेटेतल्या घरी ब्लाउज शिवायचो. कारखान्याला शिवणाऱ्या बाया पाहिजेत असं कळलं, म्हणून दोघी परीक्षेला गेलो. निसटत्या पडद्यावर एका रेषेत टाके घालून दाखवायचे होते. दोघी पास झालो. माझे टाके अक्काहून बारीक होते, हे तिला विचारा, तीच सांगेल. दुसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हायला गेलो तर कारखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, आत जायचं तर कुंकू नको, गजरा नको, आणि हातात काचेची बांगडी तर मुळीच नको. बांगडीनं हातमोजा फाटतो, काच पिचली तर तिचा भुगा थरांमध्ये जातो आणि सगळं वाया.

काचेच्या बांगड्या रोज काढायच्या आणि रोज घालायच्या असं होत नाही. बळेगार, म्हणजे आमच्याकडचा कासार, हात दाबून दाबून, आई आई करायला लावून चढवतो, तेव्हा कुठं त्या बसतात. त्या काढल्या म्हणजे काढल्याच. आणि नवरा जिवंत असताना हात उघडे ठेवायचे? आमच्या घरात बाई मनगट रिकामं ठेवून पाणीसुद्धा प्यायची नाही. एक पिचली तर दुसरी चढेपर्यंत हाताला दोरा बांधून बसायच्या.

कारखान्याच्या अंगणात एक नळ आहे. अक्का त्या नळाखाली गेली, साबण चोळला आणि एकेक करून सगळ्या बांगड्या उतरवल्या. मला म्हणाली, "ये ग तंगी, हात पुढं कर." मी हात मागं घेतला. बसमध्ये बसले आणि घरी पळून आले. नुसती पळून आले असते तरी चाललं असतं. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, "अक्कानं बांगड्या काढल्या." चहाडी केली, दुसरा शब्द नाही.

मग काय, घरात आकांत. अक्का संध्याकाळी आली तर सासूबाई दारातच उभ्या. "माझ्या पोराच्या जिवावर उठलीस!" म्हणून ऊर बडवायला लागल्या. अक्काचे मालक हंबीरअण्णा बसडेपोत मेकॅनिक होते, नुकतेच ड्यूटीवरून आले होते, हाताला काळं ग्रीस. ते म्हणाले, "आई, मरेन तेव्हा मरेन, आधी जेवायला वाढ." एवढंच बोलला तो माणूस! पण तेवढ्यावर अक्का दुसऱ्या दिवशी कामाला गेली, आणि तिसऱ्या, आणि जातच राहिली. सासूबाईंनी वर्षभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं बंद झालं. हंबीरअण्णांना शिंक आली की सगळं घर अक्काच्या मनगटांकडं बघायचं. पुढं त्यांना टायफॉइड झाला तेव्हा तर सासूबाईंनी दवाखान्यात तिच्यापुढं हिरव्या बांगड्यांचा डझन आपटला. अक्का म्हणाली, "डॉक्टरांना विचारते, औषधात लिहिल्यात का." आणि तशीच मोकळ्या हातांनी सतरा दिवस त्यांच्या उशाशी बसली.

मी घरीच ब्लाउज शिवत राहिले. माझ्या हातात बांगड्या होत्या ना.

तर आता यंदाचं. कारखान्यात एक माणूस आला, जितेंद्र नावाचा. व्हाइटफील्डला त्याचं जाहिरातीचं ऑफिस, मूळचा पुण्याचा. लोकांचा अंतराळाच्या कामाला पाठिंबा मिळावा म्हणून शहरभर पोस्टर लावायची होती. आधी कारखान्याच्या भिंतीवर मोठं चित्र, त्याचं उद्घाटन, आणि तेच चित्र छापून आठवड्याभरात बसस्टॉपवर, मेट्रोत, शाळांत. रिक्षावाला म्हणतो आधी रस्त्यातले खड्डे बुजवा, मग चंद्रावर जा. त्याला हे काम आपलं वाटलं पाहिजे, असं जितेंद्रचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. त्यानं अक्काच्या हातांचे फोटो काढून नेले. अक्का खूश. घरी येऊन दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडं तेल मागून हाताला लावलं.

पंधरा दिवसांनी भिंत रंगवायला लागले. अक्कानं गेटातून बघितलं आणि जागीच उभी राहिली. हात तिचेच. डाव्या अंगठ्यावर कात्रीचा जुना वण आहे, तोसुद्धा होता. आणि दोन्ही मनगटांत भरगच्च हिरव्या बांगड्या!

"हे काय?" तिनं पेंटरला विचारलं. मंजुनाथ त्याचं नाव, शिडीवर बसला होता. तो म्हणाला, "अक्का, मला कागदावर जे दिलंय ते मी काढतो."

घरी आली ती अंगाचा तिळपापड होऊन. मी म्हटलं, "अग चित्र आहे, सोड ना." तशी माझ्यावर उलटली. "सोडू? ज्याच्यासाठी वर्षभर माझ्या हातचं पाणी विटाळलं, ते पुसून टाकायचं आणि मी सोडू?" मी मान खाली घातली. आणखी काय करणार?

पण नुसतं एवढंच असतं तर कदाचित तिनंही गिळलं असतं. शिवलीलाचं घोडं तिथंच अडलं होतं. शिवलीला ही चंदापूरची, बावीस वर्षांची, लग्नाला सात महिने झालेले. परीक्षेत तिचे टाके बघून अक्का म्हणाली होती, दहा वर्षांत असा हात बघितला नाही. सोमवारपर्यंत तिला मोकळ्या हातांनी रुजू व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला. आणि तिचे सासरे देवाप्पा बांगड्या काढू देत नव्हते. अक्का त्यांच्या घरी जाऊन समजावून आली होती, माझं बघा, अठ्ठावीस वर्षं झाली, वगैरे. ते स्वल्प नरमलेही होते. आणि मग ते त्या रस्त्यानं गेले आणि त्यांनी भिंत बघितली.

दुसऱ्या दिवशी शिवलीला गेटाबाहेर डोळे पुसत उभी. "मामंजी म्हणतात, तुमची अक्का खोटारडी आहे. स्वतः हातभर बांगड्या घालून शिवते आणि आमच्या सुनेचे हात उघडे करायला निघालीय."

झालं. अक्कानं मला उचललं आणि तडक व्हाइटफील्ड. दोन बस आणि एक मेट्रो. जितेंद्रनं चांगली खुर्ची दिली, कॉफी मागवली. "अरे वा, मावशी, तुम्ही मराठी? बेंगलोरमध्ये? पण तुमचं मराठी जरा वेगळं आहे हं, क्यूट आहे." मला असा राग आला! पण अक्कानं माझा हात दाबला.

"बांगड्या काढा," ती म्हणाली.

"मावशी, समजून घ्या. नुसते हात कुणाचेही वाटतात. बांगड्या घातल्या की बघणाऱ्याला आपली आई दिसते, बहीण दिसते. पब्लिक कनेक्ट होतं."

"आत बांगडी चालत नाही. बांगडी घालून शिवलेलं पांघरूण वर पाठवाल?"

"अहो, पण हे पोस्टर आहे. पोस्टरमध्ये सगळंच थोडं सजवतात."

"सजवा की. रॉकेट सजवा. माझा हात सजवू नका. लोकांचा पाठिंबा पाहिजे ना तुम्हाला? मग खऱ्याला मागा. खोट्याला मिळालेला काय करायचाय?"

तो ओशाळला, ते दिसलं. वाईट मुलगा नव्हता. पण म्हणाला की वरून मंजुरी झाली आहे, शनिवारी उद्घाटन आहे, आता काही बदलत नाही. आणि अक्कानंच पडदा बाजूला करायचा आहे, दोन शब्द बोलायचे आहेत, ते त्यानं कागदावर लिहूनसुद्धा ठेवले होते. अक्कानं कागद घेतला, चार घड्या घालून कमरेला खोचला. "येते शनिवारी," म्हणाली. तिचा असा मऊ आवाज मी ओळखते. असा आवाज निघाला की ती कुणाचं ऐकत नाही.

शनिवारी मांडव होता, खुर्च्या होत्या, दिल्लीहून कुणी मोठे साहेब आले होते. कॅमेरेवाले होते. अक्कानं देवाप्पा आणि त्यांच्या बायकोला स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं, म्हणून तेही येऊन बसले होते, मधे शिवलीला. हंबीरअण्णांना तिनं इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसवलं. ते एकोणसत्तरचे आहेत. मी त्यांच्या शेजारी.

अक्कानं दोरी ओढली. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. मग तिच्या हातात माइक दिला. ती कागद काढेल म्हणून जितेंद्र बघत होता. कागद निघालाच नाही.

ती कन्नडात बोलली. "हे हात माझे आहेत," ती म्हणाली. "बांगड्या माझ्या नाहीत. या कारखान्यात आत कुणाच्याच हातात बांगडी नसते, मॅडम इथं बसल्यात, विचारा. मी त्या नळाखाली बांगड्या काढल्या तेव्हा मला सांगितलं, तुझा नवरा मरेल." आणि माइक घेऊनच खाली बोट केलं. "अहो, जरा उभे राहा."

हंबीरअण्णा कानकोंडे होऊन उभे राहिले.

"हे माझे मालक. अठ्ठावीस वर्षं माझे हात मोकळे आहेत. हे रोज दोन मैल चालतात आणि तीन वेळा जेवतात. बसा आता."

लोक हसले. साहेबसुद्धा हसले. मला वाटलं, जिंकलं. पण मागून देवाप्पांचा आवाज आला. ओरडले नाहीत, शांतपणेच बोलले. "अम्मा, ते तुमचं नशीब. एकाचं नशीब बघून मी माझ्या पोराचा जीव टांगणीला लावू?"

हसू थांबलं. अक्का माइक धरून उभी. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली. मला कळलं की तिला उत्तर ठाऊक आहे, चांगलं ठाऊक आहे, पण मला लागेल म्हणून ते ती बोलणार नाही. जीभ तुटली तरी बोलणार नाही.

मी उभी राहिले. मला माइक कुणी दिला नाही, आणि लागलाही नाही.

"देवाप्पा," मी म्हटलं, "मी हिची धाकटी जाऊ. मीही या कारखान्यात पास झाले होते. त्या नळापाशी हिनं बांगड्या काढल्या आणि मी काढल्या नाहीत. नोकरी सोडली, पण बांगडी सोडली नाही. एक दिवस नाही, एक तास नाही. बाळंतपणात नाही, तापात नाही. एक पिचली तर दोरा बांधून बसले." मग मी दोन्ही हात वर केले. माझे हातही मोकळेच आहेत. "माझे मालक अकरा वर्षांपूर्वी गेले. बसल्या जागी, छातीत कळ येऊन. तेव्हा माझ्या या हातात चोवीस बांगड्या होत्या. नंतर बायकांनी त्या फोडल्या. पण एकीनंही म्हटलं नाही, की एवढ्या होत्या तर त्यांना थांबवलं का नाही. कुणी म्हटलं नाही. सांगा ना मला, का थांबवलं नाही?"

मी रडत होते का? होते. रागानं रडत होते. एवढी वर्षं हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, स्वतःलासुद्धा नाही.

अक्कानं माइक खाली ठेवला आणि सरळ भिंतीकडं गेली. मंजुनाथ कोपऱ्यात उभा होता, पायाशी डबा. तिनं झाकण उघडलं तर आत हाताच्या रंगाचा रंग कालवून तयार! आदल्या दिवशी तिनं मागितला तेव्हा हाच नाही म्हणाला होता. तिनं ब्रश बुडवला आणि डाव्या मनगटावरून फिरवला. हिरवा रंग एका थरात झाकला जात नाही, तिनं तीनदा फिरवला.

"मावशी, प्लीज, आता नको," जितेंद्र धावत आला. "मी वर काय सांगू?"

"सांग, बाईनं ऐकलं नाही."

उजवं मनगट उंचावर होतं, स्टुलावर चढूनही तिचा हात पोचेना. ती टाचा उंचावून धडपडत होती तेवढ्यात मंजुनाथनं शिडी लावली, तिच्या हातातून ब्रश घेतला आणि म्हणाला, "सरी अक्का, ठीक आहे, उतरा. ते माझं काम आहे." कॅमेरेवाले हेच टिपत होते, रॉकेटकडं कुणी बघत नव्हतं. आणि पुढं जे छापलं गेलं ते फिक्या मनगटांसकट छापलं गेलं, कारण बातम्यांतून तेच चित्र सगळीकडं पोचलं होतं. जितेंद्रनं आमच्यावर डूख धरला नाही, त्याला त्याचं पब्लिक मिळालं.

देवाप्पा मात्र उठून गेले. बायको मागं, शिवलीला तिच्या मागं. वळूनसुद्धा बघितलं नाही. घरी येताना बसमध्ये मी म्हटलं, "अक्का, पोरीचं काही झालं नाही ग." अक्का म्हणाली, "तू उभी राहिलीस." मी म्हटलं, "उशीरच झाला." ती म्हणाली, "झालाच. त्या दिवशी अर्ध्यातून पळालीस. सोमवारी माझ्याबरोबर ये, आणि शेवटपर्यंत थांब."

सोमवारी गेलो. आठ वाजले, सव्वाआठ वाजले. साडेआठला गेट लावतात. अक्का आत जायला वळली आणि तेवढ्यात रस्त्यावरून शिवलीला येताना दिसली. एकटी नव्हती. पुढं तिची सासू, पदर खोचून, झपाझपा. ती आमच्यापाशी येऊन थांबली. देवाप्पांचं काय झालं, घरात काय झालं, काही सांगितलं नाही. हातातल्या कागदाची पुडी सोडली. आत साबणाची वडी होती, नवीकोरी.

"नळ कुठाय?" तिनं विचारलं.

मी दाखवला. तिथंच आहे अजून, फक्त तोटी बदललीय. सासूनं सुनेचा हात पाण्याखाली धरला, फेस केला, आणि पोरीची बोटं जुळवून एकेक बांगडी सोडवायला लागली. शिवलीला डोळे मिटून उभी होती. सासू पुटपुटत होती, देवाचं नाव घेत होती की शिव्या घालत होती ते मला कळलं नाही. मी खाली पदर पसरून बसले आणि निघेल तशी बांगडी झेलत गेले. डावा हात झाला, मग उजवा. मी सगळ्या मोजल्या. एकही फुटली नव्हती.